चिकटवलेली पानं आणि लोकाटचं चाटण

साय यिंग पुन, हाँगकाँग
६ नोव्हेंबर २००६

चि. लाय-क्वान,

आशीर्वाद देते, पण आज जरा हात आखडून.

फोन करणार होते. पण फोनवर तू "हो बाई, हो बाई" म्हणतेस आणि ठेवला की विसरतेस. वर्गातही हेच करायचीस. म्हणून लेखी कळवते: तुझ्या इस्पितळाने मला दिलेलं औषध खोटं आहे.

तू ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्याकडे बसून अंड्याची चार टार्टं खाल्लीस आणि तोंड पाडून सांगितलंस, की लोकाटच्या झाडाच्या पानांचं आपलं जुनं चाटण खोकल्यावर खरंच चालतं का हे तुला तपासायचंय, पण माणसं मिळत नाहीत. मला दया आली. मी स्वतः नाव दिलं, वर आमच्या इमारतीतल्या सहा खोकणाऱ्या बायका गोळा करून दिल्या. निम्म्यांना खरं चाटण मिळणार आणि निम्म्यांना खोटं, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मान्य. पण तुझ्या वर्गशिक्षिकेला खोटं? सदतीस वर्षं मी कॉन्व्हेंटमध्ये मुलींना भूमिती शिकवली. मला काय द्यावं याचा थोडा तरी विचार करायचा.

माझी परिस्थिती तुला ठाऊक आहे. चंद्रोत्सवाच्या सुमारास ताप आला, ताप गेला, खोकला राहिला. चर्चच्या गायनवृंदाचे मिस्टर गुतेरेश मला सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस मोक, देवाला स्तोत्राच्या आधी तुमचा खोकला ऐकू जातो. बरं वाटेपर्यंत बाकावर बसा." आणि माझ्या ओळी दिल्या कुणाला, तर फिलोमिना त्सेला. वळणावर ट्राम घासते तसा तिचा आवाज. फेब्रुवारीत लूर्डच्या माउलीचा सण आहे, चर्चमध्ये मोठं गायन असतं. त्या दिवशी मी बाकावर बसणार नाही. तेव्हा माझी बाटली बदलून दे, किंवा निदान ती खरी की खोटी एवढं सांग.

तुझी
अर्सुला मोक


शा टिन
११ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

नमस्कार. पत्र वाचताना मी खुर्चीत सरळ बसले होते, शपथ.

तुमची बाटली खरी की खोटी हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुठल्या क्रमांकाला काय गेलं हे औषध बनवणाऱ्याने बंद पाकिटात घालून मोहोर लावून ठेवलंय, आणि ते शेवटी उघडायचंय. मला माहीत असतं तर तुमचा खोकला मला आपोआपच कमी ऐकू आला असता, किंवा जास्त. माणसाचा कान असाच असतो.

तुम्ही भूमितीच्या पुस्तकाची शेवटची पानं खळीने चिकटवायचात, आठवतं? उत्तर आधी दिसलं की मुली उत्तराकडे जाणारी वाट बनवतात, असं म्हणायचात. मी फक्त पानं चिकटवली आहेत, बाई.

दोन्ही औषधं रंगाने, वासाने, चवीने सारखी आहेत. खोट्यात करपवलेली साखर आणि कडू काहीतरी घालायला आम्हांला चार महिने लागले. तेव्हा ओळखायचा प्रयत्न करू नका. फक्त रोज किती खोकलात ते लिहा.

आपली
लाय-क्वान


साय यिंग पुन
२० नोव्हेंबर

चि. लाय-क्वान,

माझीच खळ मला लावतेस. ठीक आहे.

ओळखायचा प्रयत्न मी केला नाही. तो आमच्या इमारतीने केला. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर फुंगताई राहते. नवरा जहाजावर होता, तो गेला, मुलं कॅनडात, आणि स्वयंपाकघर असं, की सगळ्या इमारतीने तिथं जेवावं. दुपारी माजाँगचं टेबल तिच्याकडेच मांडलेलं असतं. परवा खेळ बाजूला ठेवून सातही बाटल्या टेबलावर उभ्या केल्या. पहिल्यांदा वास घेतला. मग बशीत थेंब टाकून मुंग्या कुठे जातात ते पाहिलं. मुंग्या सगळीकडे गेल्या. मग फुंगताईचं मांजर आणलं. ते निघून गेलं.

मग प्रत्येकीने आपापला खोकला सांगितला, आणि त्यावरून निकाल लागला. फुंगताईचा पहिल्याच आठवड्यात उतरायला लागलाय. सातव्या मजल्यावरच्या क्वॉक आजींचा जसाच्या तसा आहे. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, खोकताना चष्मा नाकावरून खाली येतो. तिला खोटं मिळालंय यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सगळ्यांना वाईट वाटलं. माझ्याबद्दलही तेच मत पडलं, पण कुणाला विशेष वाईट वाटलेलं दिसलं नाही.

आणखी एक विचारते. फुंगताई म्हणते, खोकला उष्ण की थंड, कफ पिवळा की पांढरा, हे न बघता सगळ्यांना एकच चाटण देणारी ही कसली डॉक्टर? मी तुझी बाजू घेतली आहे, आता उत्तर तू पाठव.

अर्सुला मोक


शा टिन
२४ नोव्हेंबर

आदरणीय बाई,

फुंगताईंना सांगा, आमचे वैद्य गुरुजी प्रत्येकाची नाडी आणि जीभ बघूनच नाव घेतात. ज्यांना हे चाटण लागू पडायला हवं असा कोरडा खोकला आहे, त्यांनाच घेतलंय. तुमच्या इमारतीतल्या आणखी दोघींना परत पाठवलं होतं, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

पण मुंग्यांबद्दल वाचून माझ्या हातातला चहा सांडला. बाई, हात जोडते. बाटल्यांची तुलना नको. आणि कुणाचं औषध कुणी घेतलं, अगदी एक चमचा जरी, तर दोघींची नावं मला खोडावी लागतील. मला साठ माणसं पूर्ण हवीत. बरोबर साठच मिळाली आहेत, त्यांतल्या तुम्ही सात. आमचे प्राध्यापक आधीच म्हणतात, पाल्याचा आणि आकड्यांचा संसार होत नाही. साठ भरली नाहीत तर काम बंद, आणि खोकल्याच्या दवाखान्यात वैद्य गुरुजींना दिलेली खोलीही बंद. तिथं रोज सकाळी रांग असते. त्या लोकांना मी काय सांगू?

आपली
लाय-क्वान


साय यिंग पुन
१५ डिसेंबर

चि. लाय-क्वान,

तुझं पत्र मी खालच्या दाराशी सगळ्यांना वाचून दाखवलं. आवाज चढवूनच वाचलं. कुणी दुसरीच्या बाटलीतून एक थेंबही घ्यायचा नाही, असं एकेकीकडून कबूल करून घेतलं. फुंगताईने मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाली, "नाही घेणार कुणी. प्रत्येकीने आपापल्या बाटलीतूनच प्यायचं." तिच्याबद्दल माझं मत थोडं बरं झालं. आता दर आठवड्याला सातही जणींच्या नव्या बाटल्या आणायला आणि रिकाम्या परत द्यायला तीच बसने तुमच्याकडे येते. क्वॉक आजींना जिने उतरवत नाहीत आणि मला तुमच्या बसमध्ये उभं राहवत नाही.

आणि आता चांगली बातमी. माझा खोकला निम्म्यावर आलाय. क्वॉक आजींचा चष्मा नाकावर टिकतो. आमच्या सातही जणींचं एकदमच बरं चाललंय. मिस्टर गुतेरेश यांनी मला मागच्या रविवारी दोन स्तोत्रं म्हणू दिली, फिलोमिनाच्या शेजारी उभं करून. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. एकदाच पाहिलं.

तुमच्या औषधवाल्याने माझी तक्रार मनावर घेतलेली दिसते. चाटणाची चव पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारली आहे. मऊ झालंय, आणि मागून एक छान आंबूस वास येतो. त्याला माझ्यातर्फे शाबासकी दे.

तुझी
अर्सुला मोक


शा टिन
१९ डिसेंबर

आदरणीय बाई,

खोकला उतरला हे वाचून फार बरं वाटलं. पण एक विचारायचंय आणि कसं विचारावं कळत नाहीये.

औषधवाल्याने चव बदललेली नाही. त्याला तशी परवानगीच नाही.

सुरुवातीला तुमच्या इमारतीत कुणी लवकर बरं होत होतं, कुणी हळू, जसं सगळीकडे होतं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून तुम्ही सातही जणी पट्टीने आखल्यासारख्या एका रेघेत चालला आहात. माणसं अशी चालत नाहीत, बाई. भूमितीतच चालतात.

आणि परत आलेल्या बाटल्या धुताना सातही बाटल्यांच्या तळाशी सालीचा एकेक काळपट तुकडा निघाला. संत्र्याच्या जुन्या सालीचा. आमच्या औषधात संत्र्याची साल नाही. खऱ्यातही नाही आणि खोट्यातही नाही. तुकडा सोबत पाठवतेय.

आपली
लाय-क्वान


साय यिंग पुन
२३ डिसेंबर

चि. लाय-क्वान,

माझं मागचं पत्र फाडून टाक. विशेषतः चवीचा परिच्छेद.

तुझं पत्र काल मिळालं. काल वर्षातला सर्वांत लहान दिवस, सगळे घरी जेवतात. मला घर म्हणजे फुंगताईचंच. ती आल्याच्या पाकात तांदळाचे गोळे सोडत होती. मी तुकडा ओट्यावर ठेवला आणि हे काय आहे ते विचारलं.

"साल," ती म्हणाली. "सुन-वुई गावच्या संत्र्यांची. माझ्या आईने वाळवलेली. आता दुकानात अशी मिळत नाही."

मी विचारलं, तुझ्या आईची साल इस्पितळाच्या बाटलीत कशी पोचली. तिने गोळे ढवळून घेतले, झारा पुसला आणि फळीवरून सगळ्यात मोठं पातेलं काढून माझ्यासमोर ठेवलं, जसा एखादा नातेवाईक ओळख करून द्यायला आणावा. दर आठवड्याला बसमधून उतरली की ती सातही बाटल्या त्या पातेल्यात ओतायची, वाफेवर गरम करायची, त्यात नाशपती, खडीसाखर आणि ती साल घालायची, गाळायची, आणि पुन्हा सात बाटल्यांत सारखं भरायची, वर प्रत्येकीत सालीचा एकेक तुकडा. नाशपतीचा गर उरला तो ती स्वतः खायची. वाया जाऊ नये म्हणून.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मदर सुपिरियर हयात असत्या तर मला कबुलीजबाबाला पाठवलं असतं. मी म्हटलं, तू सगळ्यांसमोर कबूल केलं होतंस. ती म्हणाली, "मग? कुणी दुसरीच्या बाटलीतून प्यायलं का? सगळ्या जणी आपापल्याच बाटलीतून प्यायल्या." भूमितीच्या दृष्टीने यात चूक काढता येईना, म्हणून मी जास्तच चिडले. ते तपासायचं औषध होतं, जेवण नव्हतं, असं मी सांगितलं.

तेव्हा ती माझ्याकडे वळली. "मोक बाई, एका टेबलावर सात जणी बसवायच्या, काहींना बदक वाढायचं आणि काहींना बदकाचा वास, आणि क्वॉक आजीने समोर बसून खोकायचं. तुमच्या नन्सनी हेच शिकवलं का?"

नन्सनी हे शिकवलं नव्हतं. आणि तीन आठवडे तेच प्यायल्यावर मी तुला शाबासकी कळवली होती. मी खाली बसले. तिने माझ्यापुढे गोळ्यांचा वाडगा ठेवला. मी खाल्ले. चांगले होते.

मग मी तिला तुझ्या साठ माणसांचं सांगितलं, आणि वैद्य गुरुजींच्या दाराशी लागणाऱ्या रांगेचं. तिने शेगडी बंद केली. मग म्हणाली, "त्या रांगेत माझी बहीण असते." आणि रडायला लागली. टेबलाशी बसलेल्या क्वॉक आजींना वाटलं कॅनडाहून काही वाईट कळलं.

आमच्या सातही जणींची नावं खोड. दुसरं काही करता येत असेल तर मला सांग. अजून माझे पाय चालतात आणि आता आवाजही आहे.

अर्सुला मोक


शा टिन
३ जानेवारी २००७

आदरणीय बाई,

खोडली. लाल पेन वापरलं नाही, तुमच्यासमोर तो अधिकार मला नाही.

प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मला वाटलं संतापले. मग म्हणाले, ती साल किती घालायची ते विचार, माझ्या आईला सांगतो. पण साठ म्हणजे साठ, यावर ते ठाम आहेत. चांद्र नववर्षापर्यंत मुदत दिली आहे.

अडचण तीच आहे. निदान चार आठवड्यांचा कोर्स नववर्षाच्या आत संपायला हवा, कारण पाडव्याला औषध घेतलं की वर्षभर घ्यावं लागतं, हे माझी आईसुद्धा मानते. म्हणजे पुढच्या पंधरवड्यात सुरुवात हवी. आणि ज्याचा कोरडा खोकला तीन आठवडे टिकलाय असाच माणूस हवा. असे सात जण एकदम कुठून आणू? दवाखान्यात विचारलं की लोक म्हणतात, सणानंतर बघू. फुंगताईंवर रागावू नका. मी रागावून पाहिलं, जमलं नाही.

आपली
लाय-क्वान


साय यिंग पुन
१४ जानेवारी

चि. लाय-क्वान,

सात जण उद्या सकाळी तुमच्या दाराशी उभे असतील. वैद्य गुरुजींना जिभा बघायला तयार ठेव.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मिस्टर गुतेरेश यांनी गायनवृंद फेरीबोटीच्या धक्क्यावर उभा केला होता. वारा असा, की फिलोमिनाची टोपी पाण्यात गेली. मला अजून सगळी स्तोत्रं मिळाली नव्हती म्हणून मी आत, गरम जागेत बसले होते. देवाचं नियोजन मला कधीकधी पटतं. दुसऱ्या दिवसापासून निम्मा वृंद खोकतोय, आणि उद्या मोजून तीन आठवडे होतील. मिस्टर गुतेरेश स्वतः, फिलोमिना आणि आणखी पाच.

आज प्रार्थनेनंतर मी वेदीच्या पायरीवर उभी राहिले आणि त्यांना समजावलं. मिस्टर गुतेरेश म्हणाले, त्यांच्यासारख्या कामाच्या माणसाला खरं चाटण मिळावं अशी काही सोय होईल का. मी त्यांच्याकडे फक्त पाहिलं. त्यांच्या बहिणी माझ्या वर्गात होत्या; घरी त्या नजरेबद्दल त्यांनी ऐकलेलं असणार. लगेच सही केली.

पत्ते मी तपासले आहेत. सातही जण वेगवेगळ्या वस्तीत राहतात, आणि फुंगताईच्या जवळ एकही नाही. तरी ती उद्या त्यांच्याबरोबर येणार आहे. बस चुकू नये म्हणून, असं म्हणते. हात रिकामे ठेवून येण्याचं वचन घेतलंय. पिशवी मी स्वतः बघणार आहे.

तुझी
अर्सुला मोक


शा टिन
१६ मार्च

आदरणीय बाई,

साठ पूर्ण झाले. काल पाकीट उघडलं.

खरं चाटण घेतलेल्यांचा खोकला खोटं घेतलेल्यांपेक्षा लवकर उतरला. थोडाच लवकर. इतका थोडा, की ठाम काही म्हणता येत नाही, आणि इतकाही थोडा नाही, की सोडून द्यावं. खोट्यावरसुद्धा बरेच जण बरे झाले. खोकला शेवटी आपणहून जातोच, आणि रोज कुणी विचारपूस केली की थोडा आधी जातो. प्राध्यापक एवढंच म्हणाले, "दोनशे माणसं घेऊन पुन्हा कर." म्हणजे काम चालू आणि वैद्य गुरुजींची खोलीही चालू. मी जिन्यात जाऊन थोडी नाचले. हे कुणाला सांगू नका.

मिस्टर गुतेरेश यांचं फेब्रुवारीतलं पत्र सोबत जोडलंय. त्यांना खोटं औषध मिळाल्याची त्यांची खात्री होती. "माझ्यासारख्या माणसाला" हे शब्द तीनदा आलेत. तुमच्या नोव्हेंबरच्या पत्राशेजारी ठेवून वाचा. त्यांची बाटली खरी होती.

आता तुमच्या इमारतीचं. नावं खोडलेली असल्यामुळे सांगायला हरकत नाही. तुमची बाटली खोटीच होती, बाई. पहिल्याच पत्रात तुम्ही लिहिलं होतं. सातांतल्या पाच खोट्या होत्या. खऱ्या दोनच: एक क्वॉक आजींची, जिच्याबद्दल सगळ्यांना वाईट वाटलं होतं, आणि दुसरी फुंगताईंची.

आपली
लाय-क्वान


साय यिंग पुन
२० मार्च

चि. लाय-क्वान,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळी दोन्ही हातांनी.

लूर्डच्या माउलीच्या सणाला मी माझ्या जुन्या जागी उभी राहून गायले. फिलोमिना माझ्या मागे होती, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तिचा आवाज वाईट नव्हता. खोकल्याने जरा खाली उतरलाय, तो तसाच राहावा. मिस्टर गुतेरेश यांना मी सांगितलंय, पुढच्या वेळी दोनशे लागणार आहेत, आणि उत्तरांची पानं आधी बघायची नसतात. ते म्हणाले, हे वाक्य त्यांना कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.

माझी बाटली खोटी निघाली याचा मला आनंद झाला. मी बरोबर होते. तो आनंद जिना चढून चौथ्या मजल्यापर्यंत टिकला.

फुंगताई माजाँगच्या टेबलावर होती. मी सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचलं. क्वॉक आजींची खरी निघाली म्हटल्यावर बायका इतक्या हसल्या, की आजींना पुन्हा खोकला आला. मग मी फुंगताईला म्हटलं, तुझी स्वतःची बाटली खरी होती. तुझा खोकला पहिल्या आठवड्यात उतरतही होता. तू गप्प बसून पीत राहिली असतीस तर महिनाभर आधी मोकळी झाली असतीस. पाच खोट्यांत ओतून तू तिचं पाणी केलंस.

तिने हातातली सोंगटी लावली, पुढची उचलली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

"इतरांचं मला ठाऊक नव्हतं, मोक बाई," ती म्हणाली. "माझी खरी आहे एवढं कळलं होतं. म्हणून तर ओतली."

दोनशे माणसं घेशील तेव्हा आमच्या इमारतीतून एकही घेऊ नकोस. सोबत सालीचे दोन तुकडे पाठवते, एक प्राध्यापकांच्या आईला. दुसरा तुला. तू मागच्या वेळी फोनवर खोकत होतीस.

तुझी
अर्सुला मोक